क्लचचं काम झाल्यावर गाडी सुरू होत नाही? दोष या क्रमाने शोधा

क्लच प्लेट बदलली, गिअरबॉक्स परत चढवला, किल्ली फिरवली आणि गाडी गप्प. किंवा सेल्फ (म्हणजे स्टार्टर मोटर) फिरतोय, पण इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी बहुतेक लोक नवी बॅटरी आणतात, स्टार्टर दुरुस्तीला देतात, नाहीतर चार माणसं बोलावून गाडी ढकलतात. पैसे जातात, वेळ जातो आणि दोष तिथेच राहतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग हे इंजिन सुरू होण्याच्या साखळीत नाहीत. न्यूट्रलला असलेली गाडी क्लच पूर्ण झिजलेला असला तरी सुरू होते. म्हणून कामाआधी व्यवस्थित सुरू होणारी गाडी कामानंतर सुरू होत नसेल, तर गिअरबॉक्स उतरवताना जे जे काढलं, सोडवलं किंवा बाजूला सारलं त्यातच दोष असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. शोध तिथूनच सुरू करायचा.

हा लेख पुढची चाकं फिरवणाऱ्या, मॅन्युअल गिअरच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. ईको किंवा बोलेरोसारख्या मागची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांत भागांच्या जागा वेगळ्या असतात, पण तपासण्याचा क्रम हाच.

## आधी तयारी

जवळ ठेवा: मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, १० नंबरचा पाना, जाड जंपर केबल, पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश आणि चांगली टॉर्च. किल्ली फिरवायला एक माणूस लागेल.

मग कागदावर यादी करा. काम तुम्ही केलं असेल तर आठवून, मेकॅनिकने केलं असेल तर त्याला विचारून. साधारण यादी अशी निघते: बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा पाइप, स्टार्टर मोटर, गिअरबॉक्सवरची अर्थिंगची वायर, रिव्हर्स लाइट स्विचचा कपलर (वायर जोडणारा प्लग), स्पीड सेन्सर, काही गाड्यांत क्रँक सेन्सर, क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, गिअरच्या केबल, ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्सचं माउंटिंग. आणि गिअर ऑइल. ही यादी कंटाळवाणी वाटते, पण अर्धा शोध तिथेच संपतो.

गाडी अजून गॅरेजमध्येच असेल तर स्वतः काही उघडू नका. यादी घेऊन मेकॅनिकसमोर उभे राहा आणि एकेक गोष्ट दाखवायला सांगा. तुम्ही पाना लावला की जबाबदारी कोणाची यावर वाद सुरू होतो.

सावधान: गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड किंवा विटा लावलेल्या. गाडीपुढे कोणीही उभं राहायचं नाही. क्लच नीट सुटत नसेल आणि गाडी गिअरमध्ये असेल, तर पेडल दाबलेलं असूनही ती पुढे उडी मारते.

## पायरी १: किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं ते ऐका

काहीही उघडण्याआधी एकदा किल्ली फिरवा आणि कान द्या. पुढचा रस्ता यावरून ठरतो.

- डॅशबोर्डवर दिवेच नाहीत: पायरी २.
- दिवे लागतात, पण सेल्फ मारला की टक-टक-टक असा भरभर आवाज येतो, दिवे मंद होतात किंवा सेल्फ अगदी जड फिरतो: पायरी २ आणि ३.
- दिवे प्रखर, पण सेल्फ मारल्यावर पूर्ण शांतता: पायरी ४, मग ५.
- एकच 'खट' आणि पुढे काही नाही: पायरी २, ३, ५ आणि ६ याच क्रमाने.
- नुसता घूं आवाज किंवा दातांचा खरखराट: पायरी ५.
- सेल्फ जोमात फिरतो, इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतं: पायरी ७.

सेल्फ एका वेळी ५ ते १० सेकंदांहून जास्त मारू नका आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. सतत मारत राहिलं तर मोटर तापते, बॅटरी उतरते आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढतो. मग शोधणं दुप्पट अवघड.

## पायरी २: बॅटरी आणि टर्मिनल

क्लचच्या कामात गाडी दोन-तीन दिवस उघडी पडते. दरवाजा नीट लागलेला नसतो, आतला दिवा जळत राहतो, बॅटरी उतरते. म्हणून आधी मोजा. इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग पुढचं बोला. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी भरलेली नाही किंवा थकलेली आहे.

आता टर्मिनल हाताने फिरवून बघा. हाताने हललं तर ते सैल आहे, मग नट कितीही आवळलेला दिसो. टर्मिनल खुंटीवर अर्धवट बसवून आवळलेलं असतं, हे फार वेळा दिसतं. काढा, आतून-बाहेरून घासून चकचकीत करा, तळापर्यंत बसवा आणि मग आवळा.

दिवे अजिबात नसतील तर मुख्य फ्यूज बघा. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर किंवा शेजारच्या डब्यात तो मोठा फ्यूज असतो. बॅटरी क्षणभर जरी उलटी लागली असेल तरी तो उडतो, आणि अल्टरनेटरचे डायोडही जाऊ शकतात. फ्यूज उडालेला दिसला तर नवा टाकण्याआधी ही शक्यता मेकॅनिकला स्पष्ट विचारा.

## पायरी ३: अर्थिंग

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसतात. रबरातून वीज जात नाही. त्यामुळे बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-गिअरबॉक्सपर्यंत जाड वायर किंवा विणलेली पट्टी लागते, आणि बहुतेक गाड्यांत ती गिअरबॉक्सच्याच एखाद्या बोल्टखाली असते. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडावीच लागते. परत जोडताना ती विसरली जाते, मागे लटकत राहते, किंवा तेलकट, मातीने माखलेल्या जागेवर आवळली जाते. डोळ्यांना जोडलेली दिसते, पण स्टार्टरला लागणारा प्रवाह तिच्यातून जात नाही. दिवे आणि हॉर्न मजेत चालतात, कारण त्यांची अर्थिंग बॉडीवर असते. मग माणूस म्हणतो, बॅटरी तर ठणठणीत आहे.

तपासणी अ: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूला लावा. सेल्फ मारा. आता तो जोमात फिरला तर दोष अर्थिंगचाच. बाकी काही उघडायची गरज नाही.

तपासणी ब: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, टर्मिनलवर नव्हे. दुसरं इंजिन ब्लॉकवर. मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. टर्मिनल, बोल्ट, पट्टी असं एकेक टप्पा पुढे मोजत गेलात की नेमकी जागा सापडते.

उपाय साधा आहे: बोल्ट काढा, पट्टीचं टोक आणि खालची जागा पॉलिश पेपरने घासा, रंग किंवा गंज ठेवू नका, घट्ट आवळा.

सावधान: इंजिनची अर्थिंग तुटलेली असताना सेल्फ मारत राहिलात तर वीज दुसरी वाट शोधते. ती क्लचच्या किंवा गिअरच्या केबलमधून बॉडीकडे जाते. केबल तापते, तिचं आवरण वितळतं, धूरही निघतो. सेल्फ मारताना केबल गरम लागली तर तिथेच थांबा.

## पायरी ४: क्लच पेडलचा स्विच

अलीकडच्या अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला वीजच मिळत नाही. पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. कपलर लावायचा राहिला, पेडलचा प्रवास बदलला, किंवा पेडलवरचं रबर-प्लास्टिकचं छोटं बटण जुनं होऊन चुरलं, की स्विच दाबलाच जात नाही. मग पूर्ण शांतता. पायाशी प्लास्टिकचे बारीक तुकडे पडलेले दिसले तर ते बहुधा याच बटणाचे.

आधी पायाखालचं मॅट काढा. जाड मॅटमुळे पेडल तळापर्यंत जात नाही आणि माणूस वायरिंग शोधत बसतो. मग टॉर्च घेऊन वाकून बघा, पेडल दाबल्यावर स्विचची दांडी हलते का. कपलर काढून स्विचच्या दोन पिनांवर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज आरपार जाते का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) लावा. पेडल दाबल्यावर आणि सोडल्यावर वाचन बदललं पाहिजे. पेडलला दोन स्विच असतील तर कपलर अदलाबदल झालेत का तेही बघा.

पेडलच खाली अडकत असेल किंवा मऊ लागत असेल तर वळण वेगळं. केबलच्या गाडीत केबल नीट बसलेली नाही किंवा चुकीची आवळली आहे. पेडलला वर थोडा मोकळा खेळ हवाच, नेमकं माप तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. हायड्रॉलिकच्या गाडीत सिस्टिममध्ये हवा आहे. क्लच फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच फ्लुइड टाकून हवा काढून घ्या.

स्विच वायरने जोडून कायमचा बाद करण्याचा सल्ला हमखास मिळतो. मी तो देणार नाही. घरातल्या कोणीतरी गिअरमध्ये उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवली तर गाडी थेट पुढे जाते. स्विच कशासाठी ठेवला आहे ते तेव्हा कळतं.

## पायरी ५: स्टार्टर

गिअरबॉक्स काढायचा तर स्टार्टर सोडवावाच लागतो. त्याच्यावर दोन वायर असतात: बॅटरीकडून थेट येणारी जाड वायर आणि किल्लीकडून येणारी बारीक वायर. बारीक वायर साध्या पुश कपलरवर असते आणि लावायची राहते, किंवा लावलेली दिसते पण क्लिक झालेली नसते. स्टार्टर खाली असल्यामुळे वरून दिसत नाही. हात घालून ओढून बघा.

मग टेस्ट लॅम्प. क्लिप स्वच्छ इंजिन ब्लॉकला, टोक जाड वायरच्या नटला. लॅम्प कायम पेटला पाहिजे. आता टोक बारीक वायरच्या पिनवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. पेटला, तरी मोटर फिरत नाही, तर दोष स्टार्टरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. पेटलाच नाही तर मागे या: क्लच स्विच, स्टार्टर रिले, फ्यूज, इग्निशन स्विच. एवढ्या एका तपासणीने स्टार्टर उगाच बाहेर काढायचं वाचतं.

जाड वायर चुकीच्या नटवर लागली असेल, म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या पट्टीच्या नटवर, तर बॅटरी जोडताच किल्लीशिवाय मोटर फिरू लागते आणि टर्मिनलवर मोठी ठिणगी पडते. असं झालं तर बॅटरी लगेच सोडा.

आता आवाजांकडे. खरखराट म्हणजे स्टार्टरचे दात फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाला असलेल्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये सरळ बसत नाहीत. दोन्ही बोल्ट पूर्ण आवळलेत का, स्टार्टर आणि गिअरबॉक्सच्या तोंडामध्ये माती किंवा वायर अडकली आहे का, ते बघा. हे ठीक असेल तर प्रश्न मोठा: इंजिन आणि गिअरबॉक्समधली पातळ प्लेट किंवा जागा पकडणाऱ्या डॉवेल पिना टाकायच्या राहिल्या असतील. डॉवेल नसतील तर गिअरबॉक्स किंचित वाकडा बसतो. सेल्फचा आवाज हे फक्त पहिलं लक्षण असतं. पुढे नवी क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंगही खराब होतं. अशा वेळी गिअरबॉक्स परत उतरवण्याला पर्याय नाही.

मोटर घूं करून मोकळी फिरत असेल तर तिचा बेंडिक्स (फ्लायव्हीलकडे सरकणारा छोटा गिअर) सरकत नाही, किंवा फ्लायव्हीलची रिंग जागेवर नाही. फ्लायव्हील लेथवर घासून घेतलं होतं का, हे मेकॅनिकला आवर्जून विचारा.

## पायरी ६: इंजिन हाताने फिरतं का?

बॅटरी, अर्थिंग आणि स्टार्टर ठीक, तरी फक्त 'खट' होतं. आता बॅटरीचा मायनस काढा, न्यूट्रलची खात्री करा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवा. कॉम्प्रेशनमुळे टप्प्याटप्प्याने जड लागेल, ते बरोबर आहे. दोन पूर्ण फेऱ्या व्हायला हव्यात.

एका जागी धातूवर धातू आपटल्यासारखं थांबलं तर जोर लावू नका. गिअरबॉक्सचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर त्याचं टोक आत फ्लायव्हीलला अडतं. क्लच आणि फ्लायव्हील झाकणाऱ्या, घंटेच्या आकाराच्या हौसिंगमध्ये नट किंवा कापड राहिलेलंही असू शकतं. चुकीच्या मॉडेलचा क्लच सेट बसवला असेल तर प्रेशर प्लेट आत घासते. सेल्फ मारून बघू, जाईल निघून, असं करायला गेलात तर हौसिंग फुटतं.

## पायरी ७: सेल्फ फिरतो, इंजिन सुरू होत नाही

आता वीज आणि स्टार्टर दोघेही संशयातून सुटले. इंजिनाला ठिणगी किंवा इंधन मिळत नाही. क्लचच्या कामानंतर याचं मोठं कारण म्हणजे क्रँक सेन्सर.

इंजिन कुठल्या स्थितीत आहे हे कंप्युटरला याच सेन्सरवरून कळतं. त्याचा सिग्नल नसेल तर बहुतेक गाड्यांत ना ठिणगी पडते, ना इंजेक्टर उघडतात. काही गाड्यांत तो पुलीच्या बाजूला असतो आणि क्लचच्या कामात त्याला हातही लागत नाही. पण काहींत तो गिअरबॉक्सच्या हौसिंगवर, थेट फ्लायव्हीलसमोर बसतो. डस्टर आणि व्हेरिटोमधल्या रेनॉच्या १.५ डिझेल इंजिनात तो तिथेच आहे. तिथे या चुका होतात: कपलर सुटलेला, सेन्सर पूर्ण आत बसलेला नाही, गिअरबॉक्स काढताना त्याच्या टोकाला मार बसला, टोकावर लोखंडाचा कीस चिकटला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वायर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये चिमटली. ही शेवटची चूक वरून दिसत नाही. जोडाच्या कडेने टॉर्च फिरवत वायरिंगचा प्रत्येक फाटा पाहावा लागतो.

क्रम असा ठेवा:

1. किल्ली ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. लागत नसेल तर कंप्युटरला वीज किंवा अर्थिंग मिळत नाही. फ्यूज बघा, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या बोल्टखाली येणाऱ्या बारीक अर्थिंग वायरही बघा. त्या जाड पट्टीपासून वेगळ्या असतात आणि त्या विसरल्या जातात.

2. पेट्रोल गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची एक-दोन सेकंद गुणगुण येते का? नाही आली तर पंपाचा फ्यूज आणि रिले.

3. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित तरी उचलतो का? अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर संशय पक्का करा. हा फक्त संकेत आहे, काही गाड्यांत काटा एरवीही हलत नाही.

4. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. साधा ब्लूटूथचा चालतो. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅम सेन्सरचं, पी०१०२ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल कमी. कोड आधी लिहून घ्या. लिहून घेण्याआधी पुसणं म्हणजे हातातला पुरावा फेकणं.

5. एअर फिल्टरच्या डब्याभोवतीचे सगळे कपलर आणि पाइप बघा. हवेचा पाइप थ्रॉटलवर नीट चढलेला नसेल किंवा व्हॅक्यूमची बारीक नळी सुटली असेल तर गाडी सुरू होऊन बंद पडते.

सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर तो इमोबिलायझर. मूळ किल्लीच वापरा, दुसरी किल्ली किंवा रिमोट तिच्याजवळ ठेवू नका. तरीही चिन्ह गेलं नाही तर कंपनीच्या स्कॅनरशिवाय पुढे जाता येत नाही.

डिझेल गाडीत कामाच्या वेळी इंधनाचा पाइप सोडला असेल, तरच लाइनमधली हवा काढा. सोडला नसेल तर तिथे हात लावू नका.

## ढकलून सुरू करायचा मोह

करू नका. आधी गिअर ऑइलचं विचारा. ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढले की गिअरबॉक्समधलं ऑइल वाहून जातं, म्हणून ते बहुधा आधीच काढून टाकतात. परत भरायचं राहिलं असेल आणि तुम्ही गाडी ढकलली किंवा पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढून नेली, तर गिअर आणि बेअरिंग कोरडे फिरतात. पेट्रोल गाडीत न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातं, ते वेगळंच. गाडी न्यायचीच असेल तर पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवून न्या.

## गाडी सुरू झाल्यावर

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटरकडे बघा. बॅटरी काढलेली असल्यामुळे काही इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत आयडल (उभ्या गाडीतल्या चालू इंजिनाचा वेग) थोडा वर-खाली होतो. अॅक्सिलरेटर न दाबता काही मिनिटं चालू ठेवा, बहुधा बसतो.

मग क्लच पूर्ण दाबून रिव्हर्स टाका. दात घासल्याचा आवाज आला, किंवा गिअर पडल्यावर गाडी सरकू लागली, तर क्लच सुटत नाही. केबल आवळावी लागेल, हायड्रॉलिकची हवा काढावी लागेल, किंवा प्लेट उलटी बसली आहे. अशी गाडी न्यूट्रलला छान सुरू होते आणि गिअरमध्ये, पेडल दाबून सेल्फ मारला की अडखळते. लोक त्याला स्टार्टरचा दोष समजतात आणि स्टार्टर बदलतात.

रिव्हर्सचे दिवे लागतात का आणि स्पीडोमीटर चालतो का, तेही बघून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, एकदा सुरू करा आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्टच्या सीलखाली जमिनीवर गिअर ऑइलचे थेंब पडलेत का ते पाहा. थेंब असतील तर सील बदलून, ऑइलची पातळी पूर्ण करूनच गाडी लांबच्या प्रवासाला काढा.